यीस्ट विरजण (बिअरसाठी)

यीस्ट विरजण : बिअरच्या मुख्य किण्वनापूर्वी (आंबण्याच्या क्रियेपूर्वी) निवडक यीस्टच्या पेशींची संख्या व जोम वाढविण्यासाठी माल्टच्या पातळ, निर्जंतुक रसात केलेले लहान प्रमाणावरील संवर्धन. मोड आणून वाळविलेल्या सातूला (बार्लीला) माल्ट म्हणतात. माल्टचा भरडा गरम पाण्यात ठेवला म्हणजे त्यातील एंझाइमांमुळे पिष्टाचे (स्टार्चचे) शर्करांत रूपांतर होते. या गोड रसास ‘वर्ट’ अशी संज्ञा आहे. वर्ट हॉप वनस्पतीच्या फुलोऱ्यांसह उकळून व थंड करून त्यात यीस्ट मिसळले की बिअर तयार होऊ लागते.

दुधाला विरजण लावून दही करतात, त्याच्याशी ही क्रिया वरवर सारखी दिसते. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. दह्याचे विरजण हे स्वतःच दही असते व ते खाण्याजोगे असावे लागते. यीस्ट विरजणातील द्रव मात्र चवीसाठी केलेला नसतो. तो बहुधा ओतून टाकतात आणि तळाशी बसलेल्या पेशीच तेवढ्या वापरतात. विरजणात बिअर नव्हे, तर यीस्ट तयार करावयाचे असते. त्यासाठी वापरावयाचे माध्यम, तापमान, हवा व कालावधी ही सर्व याच एका हेतूने ठरविली जातात. व्यापारी मद्यनिर्माणींत ही क्रिया मोठ्या बंद पात्रांत होते. ज्या देशांत घरगुती वापरासाठी बिअर करण्यास मुभा आहे, तेथे ती एक-दोन लिटरच्या काचेच्या चंबूत करतात. तत्त्व दोन्हींकडे एकच आहे.

इतिहास : बिअर किमान पाच हजार वर्षांपासून केली जात असली, तरी ती कशामुळे आंबते हे बराच काळ अज्ञात होते. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी सातू, हॉप व पाणी या तीनच पदार्थांचा उल्लेख आहे, यीस्टचा नाही. आधीच्या घाण्याचा फेस किंवा साका पुढील घाण्यात घालण्याची रीत मात्र सर्वत्र होती आणि तेच त्या काळचे विरजण होय. आंटोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८० मध्ये बिअरमधील यीस्टचे कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले, पण ते सजीव असल्याचे त्यांना कळले नाही. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये शार्ल कान्यार द ला तूर आणि जर्मनीत टेओडोर श्व्हान यांनी यीस्ट ही मुकुलनाने (अंगावर कळीसारखा फुगवटा येऊन) वाढणारी सजीव वस्तू असल्याचे स्वतंत्रपणे दाखविले. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिअरविषयक ग्रंथात बिअर बिघडण्याचे कारण परके सूक्ष्मजंतू हे असल्याचे प्रतिपादन केले.

यापुढचे निर्णायक पाऊल कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत पडले. तेथील बिअरला कडवट चव व अप्रिय वास येऊ लागला होता. एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी दाखवून दिले की, हा दोष केवळ सूक्ष्मजंतूंमुळे येतो असे नाही; चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेल्या रानटी यीस्टमुळेही तो येतो. म्हणून त्यांनी एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून टप्प्याटप्प्याने वाढविलेले शुद्ध संवर्धन तयार केले आणि १८८३ मध्ये ते प्रत्यक्ष उत्पादनात वापरले गेले. मद्यनिर्माणीचे संस्थापक याकॉप क्रिस्टियन याकोबसेन यांनी ही पद्धत गुप्त न ठेवता इतर उत्पादकांनाही उपलब्ध करून दिली. एका पेशीपासून चमचाभर, चमच्यापासून चंबूभर व चंबूपासून पिंपभर ही हान्सेन यांची चढती रीतच आजच्या प्रत्येक यीस्ट विरजणाच्या मुळाशी आहे.

यीस्टचे प्रकार : बिअरसाठी मुख्यत्वे दोन जातींचे यीस्ट वापरतात. सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या जातीच्या यीस्टने सु. १८° ते २२° से. तापमानास ‘एल’ प्रकारची बिअर होते. किण्वनाच्या वेळी या यीस्टचा जाड फेस पृष्ठभागावर येतो. सॅकॅरोमायसीज पास्टोरिॲनस या जातीचे यीस्ट सु. ८° ते १३° से. एवढ्या थंडीतही काम करते, तळाशी बसते व त्यापासून ‘लागर’ प्रकारची बिअर होते. दुसरी जात संकरज असून सेरेव्हिसी ही तिच्या जनकांपैकी एक आहे. दुसरा जनक, सॅकॅरोमायसीज यूबायॅनस, २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलांतून मिळालेल्या नमुन्यांवरून ओळखला गेला.

पेशींची आवश्यक संख्या : वर्टमध्ये किती पेशी मिसळाव्यात यासंबंधी मद्यनिर्मात्यांचा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. वर्टची घनता प्लेटो अंशांत (वजनाने शेकडा किती विद्राव्य घन पदार्थ आहे त्या मापात) मोजतात. एल प्रकारासाठी दर मिलि. वर्टला दर प्लेटो अंशामागे ७·५ लाख आणि लागर प्रकारासाठी १५ लाख जिवंत पेशी असाव्यात. १२ प्लेटो अंशांच्या (वि. गु. सु. १·०४८) २० लि. वर्टसाठी हिशेब केल्यास एलसाठी १८,००० कोटी, तर लागरसाठी ३६,००० कोटी पेशी लागतात. बाजारात मिळणाऱ्या द्रवरूप यीस्टच्या एका पाकिटात ताजेपणी सामान्यतः सु. १०,००० कोटी पेशी असतात व शीतकपाटात ठेवूनही त्यांतील जिवंत पेशींचे प्रमाण महिन्यागणिक घटत जाते. ही तूट भरून काढण्यासाठी विरजणाची गरज पडते.

पेशी कमी पडल्यास किण्वन सुरू होण्यास विलंब लागतो. थंड झालेला गोड वर्ट हे सूक्ष्मजंतूंनाही उत्तम अन्न असल्यामुळे या विलंबकाळात त्यांची सरशी होण्याचा धोका असतो. शिवाय, थोड्या पेशींना अधिक वेळा विभागावे लागल्याने उग्र वासाची उच्च अल्कोहॉले व फळांसारख्या वासाची एस्टरे नको तितकी निर्माण होऊ शकतात. शेवटी थकलेले यीस्ट काही शर्करा न आंबविताच तळाशी बसते व बिअर गोडसर राहते. उलट, पेशी फारच जास्त घातल्यास नवी वाढ जवळजवळ होत नाही, बिअरला अपेक्षित स्वाद येत नाही आणि साक्यात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते. तथापि घरगुती निर्मितीत अतिरेकापेक्षा तुटवड्याचाच दोष अधिक आढळतो.

वाढ व ऑक्सिजन : विरजण लावल्यावर प्रथम काही तास बाह्यतः काहीच घडत नाही. या काळात पेशी नव्या परिस्थितीशी जुळवून घेतात व आवश्यक एंझाइमे तयार करतात. त्यानंतर संख्या झपाट्याने दुप्पट-चौपट होत जाते आणि पोषक द्रव्ये संपत आली की वाढ थांबते. अखेरच्या अवस्थेत पेशी ग्लायकोजेन व ट्रेहॅलोज या राखीव कर्बोदकांचा साठा करतात. हा साठा पुढील घाण्यातील पहिल्या काही तासांची शिदोरी होय. म्हणून वाढ थांबताच घाईने विरजण थंड न करता आणखी काही तास जाऊ देणे हितावह असते.

हवा मिळाली की यीस्ट श्वसन करते व न मिळाल्यास किण्वन करते, असा सर्वसाधारण समज आहे. तो विरजणास पूर्णपणे लागू पडत नाही. माध्यमात ग्लुकोजाचे प्रमाण अगदी अल्प मर्यादेपलीकडे गेले की भरपूर ऑक्सिजन असतानाही सॅकॅरोमायसीज मुख्यत्वे किण्वनच करते. यास क्रॅबट्री परिणाम म्हणतात. विरजणातही त्यामुळे अल्कोहॉल तयार होतच असते. ऑक्सिजनाची खरी गरज निराळी आहे. पेशीपटल लवचिक राहण्यासाठी लागणारी स्टेरॉले व असंतृप्त वसाम्ले यीस्टला ऑक्सिजनाशिवाय बनविता येत नाहीत. प्रत्येक विभाजनात मातृपेशीतील हा साठा दोन पेशींत वाटला जातो व काही पिढ्यांनंतर तो इतका तोकडा पडतो की विभाजन थांबते. म्हणून विरजणास वाढीच्या संपूर्ण काळात हवा मिळू देतात. मुख्य वर्टमध्ये मात्र यीस्ट घालतेवेळी एकदाच, सामान्यतः लिटरमागे ८ ते १० मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळवितात. बिअर आंबू लागल्यावर मिसळलेली हवा तिचा स्वाद बिघडविते.

माध्यम : विरजणासाठी माल्टचाच रस वापरतात. साधी साखर स्वस्त व सोयीची असली, तरी ती दोन कारणांनी त्याज्य ठरते. एक तर तिच्यात यीस्टला लागणारी ॲमिनो अम्ले, जीवनसत्त्वे व जस्तासारखी खनिजे नसतात. दुसरे म्हणजे, वर्टमधील प्रमुख शर्करा माल्टोज ही होय. सोप्या शर्करांवर वाढलेल्या यीस्टमध्ये माल्टोज आत घेणारी यंत्रणा दबलेली राहते आणि असे यीस्ट खऱ्या वर्टमध्ये गेल्यावर अडखळते. माध्यम पातळ, म्हणजे वि. गु. १·०३६ ते १·०४० एवढेच ठेवतात. दाट रसात पेशींवर तर्षण दाबाचा व पुढे अल्कोहॉलाचा ताण पडतो. अधिक तीव्र बिअर करावयाची असली, तरी विरजण पातळच ठेवावे व त्याचे आकारमान वाढवावे. हॉपची येथे आवश्यकता नसते.

कृती : (१) १ लि. पाण्यात सु. १०० ग्रॅ. माल्ट अर्काची कोरडी भुकटी गुठळ्या न होऊ देता विरघळवितात. (२) हे मिश्रण १० ते १५ मिनिटे उकळतात. फेस उसळून उतू जाण्याचा संभव असल्यामुळे भांडे अर्ध्याहून अधिक भरीत नाहीत. बोरोसिलिकेट काचेचा शंकुपात्र-चंबू सोयीचा असतो. साध्या काचेचे भांडे तापमानातील आकस्मिक बदलाने तडकते. (३) भांड्याचे तोंड ॲल्युमिनियमच्या वर्खाने सैलसर झाकून ते थंड पाण्यात ठेवतात व रस २०° ते २५° से. पर्यंत निववितात. (४) याच सुमाराच्या तापमानास आणलेले यीस्ट त्यात ओततात. रस उकळून निवल्यानंतर त्यास ज्यांचा स्पर्श होईल, ती सर्व उपकरणे निर्जंतुक केलेली असावी लागतात. (५) विरजण २०° ते २४° से. तापमानास २४ ते ३६ तास ठेवतात. लागर यीस्टचे विरजणही याच तापमानास करता येते. कारण उष्णतेमुळे बदलणारा स्वाद टाकाऊ द्रवात राहतो. (६) वाढ पूर्ण झाल्यावर भांडे एक दिवस किंवा अधिक काळ शीतकपाटात ठेवतात. पेशी तळाशी बसून वरचा द्रव निवळतो. (७) निवळ द्रव ओतून टाकतात; थोड्या द्रवात साका कालवून तो वर्टच्या तापमानाजवळ आणतात व वर्टमध्ये मिसळतात. दोहोंच्या तापमानांत ५-६ अंशांहून अधिक फरक असू नये. विरजण जोरात फेसाळत असतानाच, द्रवासकट ओतण्याचीही रीत आहे. तीत वेळ वाचतो, मात्र विरजण लहान असेल तरच ती बिअरच्या चवीस बाधत नाही.

भांडे अधूनमधून हलविल्यानेही वाढ सुधारते. परंतु चुंबकीय ढवळकाचा उपयोग अधिक परिणामकारक ठरतो. त्यात भांड्याखाली फिरणाऱ्या चुंबकामुळे रसात ठेवलेली लहान पट्टी अखंड फिरत राहते. त्यामुळे पेशी तरंगत्या राहतात, साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व हवा आत येते. वर दिलेल्या द्रवरूप पाकिटातील पेशींची संख्या १ लि. ढवळलेल्या विरजणात साधारणतः दुप्पट होते व एलसाठी ती पुरेशी असते. यीस्ट फार जुने असेल, किंवा आगरावर जपलेल्या संवर्धनाच्या एका ठिपक्यापासून आरंभ करावयाचा असेल, तर १० मिलि., १०० मिलि. व १ लि. असे टप्पे घेतात. प्रत्येक टप्प्यात आकारमान दसपटीपेक्षा जास्त वाढवीत नाहीत. थोड्या पेशी एकदम मोठ्या रसात सोडल्यास परक्या सूक्ष्मजंतूंना वाव मिळतो.

मोजणी व परीक्षा : नेमकी संख्या हवी असल्यास रक्तपेशी मोजण्याची काचपट्टी वापरतात. तिच्या मधल्या चौकटीवर ०·०००१ मिलि. द्रव मावतो. विरजणाचा नमुना १०० पट विरल करून या चौकटीत १५० पेशी मोजल्या गेल्या, तर मूळ विरजणाच्या दर मिलि.त १५ कोटी व १ लि.त १५,००० कोटी पेशी असतात. नमुन्यात मिथिलीन ब्लू हा रंग मिसळला असता जिवंत पेशी रंगहीन राहतात व मृत पेशी निळ्या होतात. त्यांपैकी शेकडा १० निळ्या आढळल्यास उपयुक्त पेशी १३,५०० कोटीच धरावयाच्या.

सूक्ष्मदर्शक नसल्यास गंध, रूप व चव यांवर भिस्त ठेवावी लागते. चांगल्या विरजणास पावासारखा वास येतो व त्याचा साका मलईच्या रंगाचा असतो. आंबट वास लॅक्टिक किंवा ॲसिटिक अम्ल निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा, तर लवंगेसारखा किंवा औषधी वास बहुधा रानटी यीस्टचा निदर्शक असतो. काही गव्हाच्या बिअरच्या यीस्टना लवंगेचा वास स्वभावतःच असतो, हा अपवाद होय. विरजणाचे फेसाळणे हा पुरेसा पुरावा नव्हे, कारण परके जीवही वायू निर्माण करतात. शंका आल्यास विरजण टाकून द्यावे. दूषित विरजणाने मोठा घाणाच वाया जातो.

सुरक्षितता : विरजणाचे भांडे कधीही घट्ट बंद करू नये, वायूच्या दाबाने ते फुटते. याहून गंभीर धोका उकळलेला रस बाटल्यांत भरून साठविण्यात आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या सूक्ष्मजंतूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. न आंबविलेल्या वर्टचे पीएच मूल्य ४·६ हून जास्त असते व बंद बाटलीत हवा नसते. अशा स्थितीत नेहमीच्या तापमानास हे बीजाणू रुजून प्राणघातक विष निर्माण करू शकतात. रस साठवावयाचाच असेल, तर तो दाबाखालील वाफेने १२१° से. तापमानास किमान १५ मिनिटे निर्जंतुक करणे अत्यावश्यक आहे. अन्यथा प्रत्येक वेळी ताजा रस करावा. किण्वन जोमाने सुरू झाल्यावर अम्लता वाढून पीएच मूल्य उतरते व अल्कोहॉलही तयार होते, त्यामुळे हा धोका उरत नाही. जोमदार विरजण हे अशा रीतीने स्वादाबरोबरच आरोग्याचेही रक्षण करते.

कोरडे यीस्ट : वाळविलेल्या यीस्टच्या १ ग्रॅ. मध्ये ५०० ते २,००० कोटी पेशी असतात व उत्पादनाच्या वेळीच त्यांत स्टेरॉले व ट्रेहॅलोज यांचा साठा करवून घेतलेला असतो. त्यामुळे अशा यीस्टचे विरजण करण्याची सहसा गरज नसते; उलट लहान विरजणात हा साठा खर्ची पडतो. ते ३०° ते ३५° से. तापमानाच्या स्वच्छ पाण्यात १५ ते २० मिनिटे भिजवून, किंवा उत्पादकाच्या सूचनेनुसार थेट, वर्टमध्ये घालतात.

इतर विरजणे : भारतात धान्याची बिअर करण्याची परंपरा निराळ्या प्रकारच्या विरजणावर आधारलेली आहे. सिक्कीम व दार्जिलिंग भागातील ‘मर्चा’ आणि झारखंड व ओडिशा येथील ‘रानू’ या तांदळाचे पीठ व वनस्पतींचे भाग यांपासून केलेल्या वाळविलेल्या वड्या असतात. मर्चामध्ये बुरशी, यीस्ट व सूक्ष्मजंतू एकत्र नांदतात; बुरशी पिष्टाची शर्करा करते आणि यीस्ट ती आंबविते. माल्टचे काम येथे बुरशी करीत असल्यामुळे मोड आणण्याची गरज राहत नाही. गोव्यात माडाची ताजी सूर पाव व सान्नां फुगविण्यासाठी वापरण्याची जुनी रीत आहे. तेथे सूर हेच नैसर्गिक यीस्ट विरजण होय. ही विरजणे मिश्र असतात, तर हान्सेन यांच्या परंपरेतील विरजण एकाच कुळाचे असते. त्याचा लाभ असा की, प्रत्येक वेळी तीच चव मिळते; मात्र एकटे कूळ जपण्यासाठी स्वच्छतेचे बंधन अधिक कडक असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राष्ट्रीय औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात यीस्टची अशी शुद्ध संवर्धने जतन केली जातात.

कायदा : ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरासाठी बिअर करण्यास परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने, १९७९ पासून, घरगुती बिअर करमुक्त झाली व या देशांत विरजणाचे शास्त्र मद्यनिर्माणीबाहेर पसरले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. येथे बिअरसाठी या पद्धतीचा उपयोग परवानाधारक मद्यनिर्माणींपुरताच मर्यादित आहे. यीस्ट वाढविण्याची मूलतत्त्वे मात्र पावाचे यीस्ट व औद्योगिक अल्कोहॉल यांच्या निर्मितीतही उपयोगी पडतात.